देवाच्या वायरवरचा काटा

सरजाबाईंच्या जीपमध्ये पुढे तिघं असायचे. ड्रायव्हर, सरजाबाई, आणि दोघांच्या मधोमध डॅशबोर्डवर महादेव. महादेवाच्या तसबिरीभोवती लाल-निळ्या बारीक बल्बांची माळ, आणि तसबिरीच्या बुडाशी, वाळलेल्या बेलपानाने अर्धा झाकलेला एक गोल व्होल्ट मीटर. शिरूर अनंतपाळहून लातूरला जायला सव्वा तास लागतो. त्या सव्वा तासात सरजाबाई रस्त्याकडे क्वचितच बघत, त्यांची नजर काट्यावर. नळेगाव आलं की त्या हात जोडायच्या. तो नमस्कार महादेवाला असायचा की मीटरला, हे तीन वर्षं रोज मागे बसूनही मला ठरवता आलं नाही.

मी लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. नाव बापूसाहेब, हुद्दा परिचर. आईवडिलांनी नावातच साहेब घालून ठेवला, त्यामुळे सरकारवर पुढची जबाबदारी राहिली नाही. मुलांना उपकरणं काढून द्यायची, परत मोजून घ्यायची आणि डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करायची: नीट इतकी, बिघडलेली इतकी, गहाळ इतकी. अशा कामात वर्षं गेली की माणसंही त्या तीन रकान्यांत बसायला लागतात. सत्यम ड्रायव्हरला मी कधीच पहिल्या रकान्यात टाकला होता.

सत्यम सत्तावीस वर्षांचा, शिरूरचाच. जीपमध्ये माझ्याशिवाय अकरा पोरी असायच्या, सगळ्या लातूरच्या क्लासला जाणाऱ्या. त्या काळी लातूरला क्लास लावला नाही तर पोरगी डॉक्टर होत नाही, असं आमच्या भागात विठ्ठलाच्या खालोखाल मानलं जायचं. पोरी गाडीत बसल्या बसल्या वह्या काढायच्या. गतिरोधक आला की सत्यम गाडी इतकी हळू घ्यायचा की लिहिणारीची ओळ वाकडी जायची नाही. गतिरोधकाच्या आधी तो नुसतं "पोरींनो" म्हणायचा, आणि अकरा पेनं वर उचलली जायची.

आता त्या मीटरचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

सरजाबाईंचं सासर किल्लारीजवळचं. जीप नवऱ्याची, अण्णारावांची. त्र्याण्णव साली गणपती बुडवायच्या मिरवणुकीत मंडळाच्या भोंग्याला अण्णारावांनी जीपची बॅटरी लावून दिली. भोंगा मध्यरात्रीपर्यंत वाजला, बॅटरी पार उतरली. उतरू दे, सकाळी धक्का मारू, असं म्हणून लोक झोपले. चारच्या आत जमीन हलली. अण्णारावांना दगडमातीतून काढलं तेव्हा ते बोलत होते. जीप लिंबाखाली उभी, तिच्यावर ओरखडा नाही. सेल्फ मारला तर नुसतं कट्ट झालं. धक्का मारायला लागतात चार माणसं, आणि त्या पहाटे गावात जो उभा होता तो आपापलं माणूस उकरत होता. दुसरी गाडी आली ती दहा वाजता. तोवर अण्णारावांचं बोलणं थांबलं होतं.

हे सरजाबाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही बॅटरीत पाणी घालताना. नंतर त्या माहेरी शिरूरला आल्या, जीप घेऊन आल्या, ड्रायव्हर ठेवला आणि पहिलं काम केलं ते मीटर बसवण्याचं. गाडी चालवता येत नाही, इंजिनातलं कळत नाही, पण काटा कळतो: हिरव्यात असला तर बॅटरी ठीक, लालकडे गेला तर घात.

मीटर बसवणाऱ्या वायरमनला त्यांनी सांगितलं, "महादेवाच्या माळंची वायर हाय ना, तिच्यावरच जोड."

तो म्हणाला, "बॅटरीपासून वेगळी ओढतो की."

"नगं. दुसऱ्या वायरीला कुनी बी हात लावील. देवाच्या वायरीला ड्रायव्हर हात लावत न्हाई. देवाच्या वायरीवरचा काटा खोटं बोलनार न्हाई."

वायरमनने जोडली. त्याला काय, वायर वाचली.

सरजाबाईंना हसू नका. आमच्याकडे साक्ष घ्यायची तर हातावर बेलभंडारा ठेवतात. त्यांनी फक्त मीटरच्या हातावर ठेवला.

नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात थंडी पडली. सहा-दहाला गाडी निघायची तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. बारावीची पुनम, अकराजणींत सगळ्यात तोंडाळ, म्हणाली, "सत्यमदादा, नळेगावपर्यंत आम्ही काय अंधारात जप करायचा का? तेवढ्यात एक धडा होतो."

सत्यमने दोन दिवसांत छताला दोन छोट्या ट्यूब लावल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. सरजाबाईंना विचारून लावल्या. "लाव बाबा," त्या म्हणाल्या, "पोरींचे डोळे जातेल." कनेक्शन त्याने जवळात जवळ मिळालं तिथून, म्हणजे तसबिरीच्या मागून घेतलं. हात लावण्याआधी त्याने महादेवाला नमस्कार केला, हे मी पाहिलं. गाडीत उजेड झाला. पोरी खूश, मीही पेपर वाचायला लागलो.

तिसऱ्या दिवसापासून सरजाबाई गप्प झाल्या.

काटा हिरव्यातून खाली येऊन लालच्या उंबऱ्यावर बसला होता. नळेगाव ओलांडलं, फटफटलं, सत्यमने ट्यूब बंद केल्या की काटा हळूच वर. सरजाबाईंनी याचा अर्थ त्यांच्या अनुभवाने लावला: म्हातारी बॅटरी अशीच असते, सकाळी कण्हते, उन्हं आली की चालायला लागते. पण आपली बॅटरी तर दोन वर्षांची. ती म्हातारी कशी झाली?

उत्तर द्यायला स्टँडवर गुरुपादप्पा होते. गाड्यांचे नंबर लावणं हे त्यांचं काम, आणि माणसांचे नंबर लावणं ही हौस. ते म्हणाले, "सत्यमच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला नवी बॅटरी आलीया म्हनं. ह्याच पंधरवड्यात. मी काय म्हनत न्हाई, फक्त बॅटरी आलीया."

डिसेंबरातल्या एका मंगळवारी, पोरी गाडीत बसल्यावर, सरजाबाई खालीच उभ्या राहिल्या.

"सत्यम, बॅटरी कुठाय?"

"सीटखाली हाय की काकू. जाईल कुठं?"

"माझी बॅटरी कुठाय, म्हनते मी."

सत्यम हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने त्यांचं तोंड बघितलं. "काकू, अर्ध्या सेल्फात उठायलीय गाडी. एवढ्या थंडीत. जुनी बॅटरी असती तर उठली असती का?"

"काटा बघ. देवाच्या वायरीला हाय तो. आता देव खोटं बोलतो का तू, एवढंच सांग."

तो म्हणाला, "सीट उचलून बघा."

गुरुपादप्पा लगेच म्हणाले, "बघून काय कळतंय? नव्याचं लेबल काढून जुन्याला डकवतेत आजकाल. लई हिकमती लोक हायत." आजूबाजूचे चार ड्रायव्हर चहाचे कप धरून जवळ आले.

"चोर निघालास तू," सरजाबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही म्हणाल्या, पण स्टँडवर सकाळी आवाज लांब जातो.

गाडीत अकरा पोरी होत्या. त्यांनी वर्षभर प्रवाह, रोध आणि विभवांतराची शेकडो गणितं सोडवली होती, काही तर त्याच ट्यूबखाली. बारावा मी, रोज व्होल्टमीटर पुसून कपाटात ठेवणारा. बारांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. पोरींना मी दोष देत नाही, त्यांना गणितात वायरीचा रोध नगण्य धरायला शिकवलेलं होतं. माझं मात्र असं झालं की उशीर होत होता, आणि मालकिणीच्या भांडणात कोण पडतो.

सत्यमने चावी बॉनेटवर ठेवली, सीटमागचा स्वेटर आणि डबा घेतला आणि पायी घरी गेला.

नवा ड्रायव्हर गुरुपादप्पांचा भाचा निघाला. निघणारच होता. तो गतिरोधक दिसला की उडी मारायचा. पहिल्याच दिवशी पुनमच्या वहीवर पेनाची रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. "हा आलेख कशाचा गं?" शेजारणीने विचारलं. "आपल्या मणक्यांचा," पुनम म्हणाली.

काटा मात्र रोज सकाळी लालवरच. सरजाबाई दोन दिवस बघत राहिल्या. गुरुवारी पोरी क्लासपाशी उतरल्यावर त्यांनी मला हाक मारली. "बापूसाहेब, तुमी मीटरवाले. चला माझ्यासंगं. नवी बॅटरी घ्यायचीय. मला कुनी फसवाय नगं."

आम्ही औसा रोडला चंद्रप्पांच्या दुकानी गेलो. दोन वर्षांपूर्वीची बॅटरी त्यांनीच दिलेली. चंद्रप्पा मूळ बिदरकडचे, साठीचे, चष्म्याला दोऱ्याची दांडी. सरजाबाईंनी सगळी हकिगत सांगितली. ते ऐकत होते, पण काट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सीट उचलली, आपला मीटर काढला आणि त्याच्या दोन काड्या बॅटरीच्या दोन खांबांवर ठेवल्या.

"बारा पॉइंट सहा. गाडी चालू करा."

भाच्याने केली. अर्ध्या सेल्फात.

"चौदा पॉइंट एक. अक्का, ही बॅटरी आजारी न्हाई. ही तर पैलवान हाय."

"मग ती माझी नसंल," सरजाबाई म्हणाल्या. "काटा बघा ना."

चंद्रप्पांनी गाडी बंद केली, पाने घेतले, बॅटरी सोडवून बाहेर काढली आणि फरशीवर आडवी करण्याआधी झाकणं घट्ट केली. बुडाला ओलं फडकं मारलं. मातीखालून लाल ऑइल पेंटमधले आकडे निघाले. कानडी आकडे.

"मी इकतो त्या प्रत्येक बॅटरीच्या बुडाला तारीख घालतो. माझ्या हातानं. कुनाला सांगत न्हाई, सांगितलं तर चोर बी घालतील." त्यांनी तारीख वाचून दाखवली. मग दुकानाच्या वहीतली तीच तारीख काढली. समोर लिहिलेलं होतं: सरजाबाई, शिरूर, जीप. "हौदु, व्हय अक्का. तुमचीच हाय. नवी घेऊ नका. अजून दोन वर्षं काढती ही."

हातात आलेलं गिऱ्हाईक असं परत लावणारा दुकानदार मी लातुरात दुसरा पाहिला नाही.

सरजाबाई दुकानातल्या टायरवर बसल्या. त्या आकड्यांकडे बघत राहिल्या, जणू वाचता येतील. मग म्हणाल्या, "पन काटा?"

बॅटरी परत बसली. गाडी चालू झाली. चंद्रप्पा मला म्हणाले, "साहेब, ट्यूब लावा." मी लावल्या. काटा घसरून लालच्या उंबऱ्यावर. "बंद करा." काटा वर. "लावा." खाली. तीनदा केलं. हा प्रयोग आमच्या कॉलेजात अकरावीला आहे. तारा मीच काढून देतो.

चंद्रप्पांनी महादेवाला नमस्कार करून तसबीर बाजूला घेतली. मागे सुतळीएवढी बारीक वायर होती. तिच्यावर माळ, माळेच्या पुढे ट्यूब, ट्यूबच्या पुढे मीटर. वाटेत तीन सांधे, नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले. एकावर हिरवं बुरशीसारखं चढलेलं.

"अक्का, तुमच्याकडं कॅनॉल हाय ना? धरनात पानी किती, हे तुमी टेलच्या, पार शेवटच्या शेतकऱ्याला इचारलं तर तो काय सांगंल?"

"त्याच्याकडं येतंय तेवढंच सांगंल," सरजाबाई म्हणाल्या.

"तो खोटं बोलतो का?"

"न्हाई. वरचे लोक उचलतेत."

"हां. वर ट्यूब पानी उचलायलीत, चारीला भेगा हायत, आन तुमचा मीटर टेलला बसलाय. त्यानं खरंच सांगितलं. पन धरनाचं न्हाई सांगितलं, आपल्या दारातलं सांगितलं."

"देवाची वायर होती हो ती."

"देवानं काय केलंय त्यात? देवाला तुमी सुतळी दिली."

मग त्यांनी मीटरची दुसरी, म्हणजे मायनसची वायर दाखवली. ती डॅशबोर्डच्या स्क्रूला, रंगावरच आवळलेली. "परत जाताना बी थोडं इथं सांडतंय. जाताना सांडलं, येताना सांडलं."

अर्ध्या तासात त्यांनी काम केलं. मीटरला स्वतःच्या दोन वायरी, थेट बॅटरीच्या दोन खांबांपासून, प्लसही आणि मायनसही. त्यांच्यावर दुसरं काही नाही. प्लसच्या वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरावर छोटा फ्यूज, म्हणजे पुढे कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटायची नाही. मध्ये एक रिले, चावी फिरवली की मीटर जागा, चावी काढली की झोपलेला. "मीटर पानी पीत न्हाई, नुसतं बघतो," ते म्हणाले, "म्हनून त्याला वायर लहान चालती, पन वाटेकरी चालत न्हाई." शेवटी आपला मीटर बॅटरीला लावून त्यांनी दोन्ही आकडे ताडून पाहिले. ट्यूब लावल्या, हेडलाइट लावले, हॉर्न दाबून धरला. दोन्ही काटे एकच बोलत होते.

परतीच्या वाटेवर सरजाबाई काट्याकडे बघत नव्हत्या. नळेगावला हातही जोडले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "सत्यमला निरोप द्या. म्हनावं, सोमवारपासून ये. झालं गेलं."

मी गेलो. सत्यम अंगणात पिशवी भरत होता. बायको, सिंधु, सुपात तूर पाखडत होती. मी बॅटरीचं, कानडी आकड्यांचं, कॅनॉलचं सगळं सांगितलं. सत्यमने मध्ये एकच विचारलं, "रिले टाकला का?" टाकला म्हटल्यावर मान हलवली.

"मग सोमवारी येतोस ना?"

"रविवारी ट्रकवर चाललो. सोलापूर लाइन. क्लीनर म्हनून."

"क्लीनर? तू?"

"चोर म्हनल्यावर स्टेअरिंग कोन देतंय? ट्रकवाल्या मामानं सरळ सांगितलं, फडकं मारायला ये, चावी मागू नको."

सिंधुने सूप जोरात आपटलं. "माझ्या भावाला गाव इचारायलंय, बॅटरीची पावती दाव. सोयरीक जमायलीय त्याची. पावती दाव म्हनं!"

"काकूंना चूक कळलीय रे," मी म्हणालो. "निरोप धाडलाय."

"चोर म्हनताना निरोप धाडला होता का, बापूसाहेब? समक्ष म्हनल्या. स्टँडावर, पोरींपुढं, समद्या ड्रायव्हरांपुढं." तो शांतपणे बोलत होता, त्याचाच जास्त त्रास झाला. "मला पगार नगं वाढवून, कपडे नगं. जिथं म्हनल्या तिथंच म्हनावं की मी चोर न्हाई. तसं न्हाई केलं तर मी सोमवारी आलो काय, न आलो काय. बॅटरीवाला सत्यमच राहनार मी."

मी निघालो तर सिंधु म्हणाली, "आन तुमी तर मीटरवाले म्हनं. तुमी बी बसलाव गाडीत."

याला रजिस्टरात रकाना नाही. मी चप्पल घातली.

सरजाबाईंनी निरोप ऐकला आणि पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी स्टँडावर उभं राहून त्या गुरुपादप्पाच्या तोंडापुढं चुकले म्हनू? बाईमानसानं? समदं घर मातीत गेलं तवा बी मी कुनापुढं मान खाली घातली न्हाई. त्याला म्हनावं, घरी ये, मी हात जोडते. घरात."

"तो घरात चोर झाला नव्हता," मी म्हणालो. एवढं तरी म्हणालो.

त्यांनी मला चहा विचारला नाही. शनिवारी क्लासला सुटी होती, तरी त्या जीप घेऊन लातूरला गेल्याचं कळलं. का, ते भाच्यालाही सांगता येईना. "चंद्रप्पाच्या दुकानी मला भाहेर बसिवलं," एवढंच तो म्हणाला.

रविवारी पोरींची टेस्ट. मला कॉलेज नव्हतं, पण सहालाच स्टँडवर जाऊन उभा राहिलो. धुकं होतं. रस्त्यापलीकडे ट्रक उभा, इंजिन चालू, आणि त्याच्या चाकाशी सत्यम, हातात पिशवी.

जीप आली. सरजाबाई उतरल्या. पोरी चढू लागल्या तर म्हणाल्या, "थांबा गं. कुनी चढू नका." मग हॉटेलच्या बाकड्याकडे वळून, "आप्पा, इकडं या. समदे या. कप घेऊन या, हरकत न्हाई."

ड्रायव्हर आले. पोरी काचेपाशी गोळा झाल्या. आणि मी पाहिलं: महादेवाच्या बुडाशी एक नाही, दोन मीटर होते. डाव्याची वायर पुन्हा तसबिरीमागे गेली होती, त्याच सुतळीवर. उजव्याची खाली, सीटकडे.

सरजाबाईंनी भाच्याला गाडी चालू करायला लावली. दोन्ही काटे हिरव्यात. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ट्यूबचं बटण दाबलं. डावा काटा घसरत घसरत लालवर गेला. उजवा जिथल्या तिथं.

"आता आप्पा, बॅटरी कुनी चोरली? दोन सेकंदात?"

गुरुपादप्पांनी कप खाली ठेवला. "ह्ये कसं काय?"

"हा डावा माझा. इतकी वर्षं ह्याच्याकडं बघून मी बॅटरी पारखली. आन पोरगं बी पारखलं. हा उजवा बॅटरीचा हाय. सत्यमनं पोरींला उजेड केला, त्यानं माझा काटा पडला. एवढाच त्याचा गुन्हा." त्यांनी आवाज वर नेला. "बॅटरी माझीच हाय. बुडावर चंद्रप्पाची खूण हाय. ज्याला बघायची त्यानं सीट उचलावी. सत्यमनं काय बी चोरलं न्हाई. त्याला चोर मी म्हनले. हितंच म्हनले. चूक माझी."

फक्त गुरुपादप्पांनी सीट उचलून वाकून पाहिलं, माणसाचा स्वभाव जातो कुठे. मग सरळ होत म्हणाले, "मला पयल्यापासून वाटतच नव्हतं. पोरगं तसं न्हाई." चारही ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. त्यांनाही वाटत नव्हतं. मंगळवारी स्टँडवर ज्यांनी ज्यांनी मानलं होतं, त्यातला रविवारी एकही शिल्लक नव्हता. मी धरून.

सत्यम रस्ता ओलांडून आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. सरजाबाई त्याच्याकडे बघत होत्या, तो डाव्या मीटरकडे.

पुनम हळूच म्हणाली, "काकू, साडेसातला टेस्ट सुरू होती."

"थांब गं. टेस्ट कुठं पळून जात न्हाई." मग सत्यमला, "आता काय ऱ्हायलं?"

सत्यमने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्या ट्रकवाल्या मामानं ऐकलं न्हाई, काकू. त्यो गाडीत बसला होता. इंजिन चालू होतं."

मला वाटलं, आता झालं. आता बाई फणकारणार. एका सकाळी एवढं पुष्कळ झालं. गुरुपादप्पांच्या तोंडावरही तेच वाटणं उमटलं होतं, जरा आशेने.

सरजाबाईंनी डावीउजवीकडे पाहिलं. एक एसटी जाऊ दिली. मग नेसूचं थोडं वर धरून त्या रस्त्यापलीकडे गेल्या, ट्रकच्या उंच दारापर्यंत हात पुरेना म्हणून खालच्या पत्र्यावर थापटलं. ड्रायव्हरने काच खाली केली, कानाला हात लावला, ऐकू येत नाही अशी खूण केली. त्या तिथेच उभ्या राहिल्या, मान वर करून, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

इकडे सत्यमने पिशवी जीपच्या टपावर टाकली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरचं पाणी बघायला वाकला. भाचा कधी उतरून गुरुपादप्पांशेजारी जाऊन उभा राहिला, ते कळलं नाही.

पलीकडे ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.